मृत पात्राचे पुनरागमन : भूमिकाखेळांच्या नियमपरंपरेतील एक प्रश्न

इ. स. १९७४ च्या आरंभी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा ह्या लहानशा गावातून तीन पातळ पुस्तिकांचा एक संच विक्रीस आला. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हे त्याचे नाव. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. आणि पहिली आवृत्ती अवघ्या एक हजार प्रतींची. टेबलाभोवती बसलेल्या मंडळींपैकी एकाने सूत्रधार व्हावे, इतरांनी एकेका कल्पित वीराची भूमिका घ्यावी, आपला वीर काय करतो ते तोंडाने सांगावे आणि यशापयशाचा निर्णय नियम व फासे ह्यांवर सोपवावा, अशी ह्या खेळाची रीत होती. भुयारे, राक्षस, मंत्रतंत्र आणि गुप्तधन ह्यांनी भरलेल्या त्या जगात मृत्यू पदोपदी होता. परंतु त्याच संचाच्या पहिल्या पुस्तिकेत, ‘मेन अँड मॅजिक’मध्ये, मेलेल्याला उठविण्याचा मंत्रही होता. ह्या दोन गोष्टी एकाच ग्रंथात शेजारी शेजारी आल्या, आणि त्यांतून उद्भवलेला प्रश्न पुढील पन्नास वर्षे ह्या खेळाच्या नियमकारांचा पिच्छा पुरवीत राहिला.

प्रश्न असा की, मृत पात्र परत येऊ शकत असेल तर त्या मृत्यूला अर्थ काय? आणि ते कधीच परत येऊ शकत नसेल, तर महिनोन् महिने ज्या पात्राभोवती कथा रचली गेली ते एका फाशाच्या दानाने नाहीसे झाल्यावर त्या कथेचे काय व्हावे? वरवर पाहता हा केवळ खेळाच्या सोयीगैरसोयीचा प्रश्न वाटेल. वस्तुतः अनेकांनी मिळून रचलेल्या आणि शेवट कोणालाच ठाऊक नसलेल्या कथेत हानी कशी खरी करावी, हा वाङ्मयविचाराचाही प्रश्न आहे. नियमकारांनी त्याला जी उत्तरे दिली त्यांत एक दिशा दिसते. परत येण्याचे मोल प्रथम मृताच्या शरीराकडून वसूल केले गेले, पुढे सोबत्यांच्या थैलीतून, आणि अगदी अलीकडे त्यांच्या परस्परसंबंधांतून. हा प्रवास सरळ रेषेत झालेला नाही. आणि जे शेवटी सापडले त्याचा काही अंश आरंभीच हाती होता व मध्यंतरी हरवला, असेही म्हणावे लागते.

ह्या खेळाचा जन्म युद्धखेळांतून झाला. युद्धखेळात शिशाचा सैनिक पडला म्हणजे तो पटावरून उचलून बाजूला ठेवावयाचा. पुढच्या डावात तोच पुन्हा रांगेत उभा. त्याला नाव नाही, म्हणून त्याचे सुतकही नाही. गायगॅक्स व जेफ पेरेन ह्यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘चेनमेल’ ह्या मध्ययुगीन युद्धाच्या नियमावलीत राक्षस आणि मांत्रिक आले खरे, परंतु मृत्यूचे स्वरूप पालटले नाही. ते पालटले मिनेसोटातील मंडळींच्या खेळात. तेथे डेव्हिड वेस्ली ह्यांनी ‘ब्राउनस्टाइन’ ह्या खेळात प्रत्येक खेळाडूला सैन्याऐवजी एकेका व्यक्तीची भूमिका दिली होती. आणि आर्नेसन ह्यांनी ‘ब्लॅकमूर’ ह्या आपल्या कल्पित प्रदेशात तीच व्यक्ती एका बैठकीतून दुसऱ्या बैठकीत नेली. पात्र अनुभवाने वाढू लागले, त्याचे शत्रुमित्र ठरू लागले, त्याला चरित्र प्राप्त झाले. ज्याला चरित्र आहे त्याचेच मरण घडते. शिशाच्या सैनिकाचे घडत नाही.

मेलेल्यांना उठविण्याचा अधिकार ज्या धर्मगुरूच्या हाती देण्यात आला, त्या भूमिकेचा उगमही ब्लॅकमूरमध्येच आहे. त्या मंडळातील जुन्या खेळाडूंच्या आठवणींप्रमाणे सर फँग नावाचे एक रक्तपिपासू प्रेत, जे एका खेळाडूचेच पात्र होते, इतके प्रबळ झाले की त्याला आवर घालण्यासाठी एक धर्मयोद्धा निर्माण करावा लागला. म्हणजे हा धर्मगुरू मुळात आला तो मेलेल्याला पुन्हा मेलेला ठेवण्यासाठी. त्याच्या पदरी मृतसंजीवनाचे काम लवकरच यावे, हा नियतीचा विनोदच म्हटला पाहिजे.

१९७४ चा नियम बारकाईने पाहण्यासारखा आहे. धर्मगुरू केवळ बोट रोखतो, मंत्र उच्चारतो आणि मृत व्यक्ती उठते. त्यासाठी द्रव्य लागत नाही. मनुष्य, एल्फ आणि ड्वार्फ ह्या तिघांनाच त्याचा लाभ. आठव्या पातळीच्या धर्मगुरूला चार दिवसांपर्यंतच्या मृताला उठविता येते. पुढील प्रत्येक पातळीस आणखी चार दिवसांची मुदत मिळते. बायबलातील लाझारस थडग्यात चार दिवस होता हे ज्यास ठाऊक आहे त्याला ह्या आकड्याचे मूळ शोधण्यासाठी फार दूर जावे लागणार नाही. काठ्यांचे सर्प करणे, टोळधाड आणणे हे धर्मगुरूचे इतर मंत्रही त्याच ग्रंथाची आठवण करून देतात. मात्र लाझारसला नसलेली एक अट येथे आहे. ज्याची शरीरप्रकृती दुबळी त्याच्यावर मंत्र चालत नाही, आणि ज्याच्यावर चालतो त्यालाही त्या दिव्यातून सावरण्यासाठी खेळातील दोन आठवडे विश्रांती घ्यावी लागते. चमत्कार देवाचा असला तरी कस मृताच्या देहाचा लागतो.

ह्याच पुस्तिकेत आणखी दोन नियम आहेत आणि अभ्यासकांचे त्यांच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. पहिला पुनर्जन्माचा. मांत्रिकाच्या सहाव्या श्रेणीच्या मंत्राने मृत पात्र परत येते, परंतु कोणत्या देहात येईल ते फासे ठरवितात, आणि जो देह मिळेल तोच घेऊन खेळाडूला पुढे खेळावे लागते. दुसरा नियम वारसाचा. खेळाडूने आपल्या पात्राचा एक नातेवाईक नेमून ठेवावा. पात्र महिनाभर बेपत्ता राहिले, त्याचा मृत्यू सिद्ध होवो वा न होवो, तर तो नातेवाईक दहा टक्के कर भरून मालमत्ता घेतो आणि सर्वांत खालच्या पातळीपासून आपले जीवन सुरू करतो. मूळ पात्र परत आलेच, तर आणखी दहा टक्के कर देऊन त्याने आपली मालमत्ता सोडवून घ्यावी; आणि वारस ती सुखासुखी सोडील की नाही, हे सूत्रधाराने ठरवावे. हा शेवटचा भाग नियमकारांनी जाता जाता लिहिलेला दिसतो. परंतु पुनरागमनाचा खरा पेच त्यातच आहे. जो परत येतो त्याची जागा मध्यंतरी भरली गेलेली असते. पुढील नियमग्रंथांनी मंत्रांचा विस्तार केला, आणि हा वारस मात्र मागे पडला.

त्या काळी मृत्यूची धार वेगळी होती हेही ध्यानात घेतले पाहिजे. नव्या पात्राचे बळ एखाद्या फाशाएवढे असे, आणि नवे पात्र तयार करावयास काही मिनिटे पुरत. सहा गुणांसाठी प्रत्येकी तीन फासे टाकावे, वर्ग निवडावा, शस्त्रे विकत घ्यावी, की वीर सज्ज. अशा खेळात वरच्या पातळीस पोहोचलेले पात्र हे अनेक मृतांमधून उरलेले असे आणि म्हणूनच मोलाचे. पुनरुत्थानाचा मंत्रही वरच्या पातळीवरच हाती येई. नवख्यांना मृत्यू अटळ आणि मुरलेल्यांना तो परतविण्यासारखा, ही विषमता अन्यायाची वाटली तरी तिच्यामुळे दोन्ही गोष्टींना वजन राहिले.

१९७८ मध्ये ‘अॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा खेळाडूंसाठीचा ग्रंथ निघाला आणि गायगॅक्स ह्यांच्या पद्धतशीर स्वभावाला अनुसरून मूळच्या सैल वाक्याचे कोष्टक बनले. शरीरप्रकृतीचा अंक ३ असेल तर उठण्याची शक्यता शेकडा ४०. १० असेल तर ७५. १८ असेल तर १००. दान फसले तर ते पात्र कायमचे गेले. शिवाय एक कमाल मर्यादा: पात्राच्या मूळ प्रकृतीचा जो अंक, तितक्याच वेळा त्याला उठविता येईल, अधिक नाही. देह अखंड हवा. तुटलेला अवयव परत येत नाही. मंत्राची मुदत धर्मगुरूच्या पातळीइतके दिवस, आणि जितके दिवस मृतावस्थेत गेले तितके दिवस अंथरुणात विश्रांती. ह्याहून श्रेष्ठ असा जो ‘रेझरेक्शन’ मंत्र, त्याने शंभरांवर वर्षांपूर्वीच्या अस्थींतूनही माणूस उभा राहतो. परंतु १९७९ च्या सूत्रधारांच्या ग्रंथाप्रमाणे तो उच्चारणाऱ्याचे वय तीन वर्षांनी वाढते. येथे प्रथमच मोल मृताकडून न घेता उठविणाऱ्याकडून घेतले गेले. वृद्ध धर्मगुरूने आपल्या उरलेल्या आयुष्यातली तीन वर्षे कोणासाठी वेचावी, हा प्रश्न एका संपूर्ण नाटकाला पुरेल इतका समर्थ आहे. ग्रंथात मात्र तो वय वाढविणाऱ्या मंत्रांच्या एका यादीतली ओळ होऊन पडला आहे.

१९७८ च्या ग्रंथात आणखी एक विलक्षण फेरफार झाला. चार वर्षांपूर्वी ज्यांना उठविता येत होते ते एल्फ आता यादीतून वगळले गेले. कारण दिलेले नव्हते. ते १९८० च्या ‘डीटीज अँड डेमिगॉड्स’ ह्या देवताकोशात आले: मनुष्यादिकांस आत्मा असतो, एल्फांस केवळ प्राणतत्त्व असते, आणि ते तत्त्व पुन्हा जन्म घेणारे असल्याने मागे बोलाविता येत नाही. नियम आधी आणि तत्त्वज्ञान मागाहून, असा हा क्रम आहे. धर्मशास्त्रांच्या इतिहासातही तो अगदीच अपरिचित नाही. ह्याच कोशात भारतीय देवतांनाही एक प्रकरण मिळाले आहे, आणि म्हणून ह्या ठिकाणी मराठी वाचकास कच-देवयानीचे आख्यान आठवले तर ते अप्रस्तुत ठरू नये.

महाभारताच्या आदिपर्वातील त्या आख्यानात कच तीन वेळा मारला जातो. पहिल्या दोन वेळा देवयानीच्या आग्रहावरून शुक्राचार्य त्याला संजीवनीने परत आणतात, आणि कथाकार त्या प्रसंगांवर रेंगाळत नाही. तिसऱ्या वेळी असुर त्याची राख मद्यात मिसळून गुरूलाच पाजतात. आता कच उठला तर गुरूचे पोट फाडूनच तो बाहेर येणार. म्हणून जी विद्या द्यावयाची नव्हती ती गुरूला द्यावी लागते, आणि शिष्याला बाहेर येऊन गुरूला उठवावे लागते. त्यानंतर गुरूच्या पोटातून जन्मलेला कच देवयानीला बहीण मानतो, आणि तिचा शाप ओढवून घेतो. कृ. प्र. खाडिलकरांनी १९१३ च्या ‘विद्याहरण’ नाटकासाठी हेच कथानक निवडले, ते ह्या तिसऱ्या प्रसंगातील पेचामुळे. विद्या एकच, मृत एकच, उठविणारा एकच. तरीही दोन पुनरुत्थाने किरकोळ आणि एक नाट्यमय. फरक पडतो तो परत येण्याने माणसामाणसांतील नाते बदलले की नाही एवढ्यावरच. १९७८ च्या कोष्टकात पहिल्या दोन प्रसंगांची तरतूद आहे, तिसऱ्याची नाही.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियात प्रसिद्ध झालेल्या ‘रूनक्वेस्ट’ने हा विचार दुसऱ्या टोकाने केला. ग्रेग स्टॅफर्ड ह्यांच्या ग्लोरान्था ह्या कल्पित विश्वात मृत्यू ही विश्वाच्या आरंभापासूनची गोष्ट नसून ती एक घडलेली घटना आहे. ऑर्लान्थ ह्या वायुदेवाने येल्म ह्या सूर्यसम्राटाला मारले, जग अंधारात बुडाले, आणि अखेर ऑर्लान्थ आपल्या सोबत्यांसह पाताळात जाऊन ज्याला मारले त्यालाच परत घेऊन आला. त्या सोबत्यांत चालाना अॅरॉय ही आरोग्यदेवता होती, आणि खेळात मृताला उठविण्याचे सामर्थ्य तिच्याच उपासकांकडे येते. प्रत्येक पुनरुत्थान हे त्या मूळ पातालयात्रेचे अनुकरण ठरते. ते करणारी व्यक्ती अहिंसेचे व्रत घेतलेली असते. संख्यांच्या दृष्टीने हा नियम फार वेगळा नव्हता. मात्र तो ज्या जगात होता त्या जगाला मेलेल्याला परत आणण्याचे कारण ठाऊक होते.

१९८० नंतरच्या दशकात एक नवी अडचण उभी राहिली. १९८४ पासून निघालेल्या ‘ड्रॅगनलान्स’ मालिकेत ट्रेसी हिकमन व त्यांचे सहकारी ह्यांनी एक दीर्घ महाकथाच खेळाच्या रूपाने मांडली. तिचा आरंभ होतो तेव्हा देवांनी जग सोडलेले आहे, खरे धर्मगुरू उरलेले नाहीत आणि अर्थात मेलेल्यांना उठविणारेही कोणी नाही. मृत्यूला गांभीर्य देण्याचा ह्याहून थेट उपाय नाही. परंतु महाकथेला तिचे नायक शेवटपर्यंत हवे होते. ते मध्येच कायमचे मेले तर पुढचे भाग खेळावयाचे कसे? म्हणून त्या पुस्तिकांत सूत्रधाराला सूचना दिली गेली की, महत्त्वाचे पात्र मरणार असेल तर त्याचा मृत्यू संदिग्ध ठेवावा, प्रेत सापडू देऊ नये, म्हणजे पुढे त्याला परत आणता येईल. देवांचा मंत्र काढून घेतला आणि त्याच्या जागी कादंबरीकाराची युक्ती बसविली. हा पराभव आहे हे उघड आहे, परंतु बोधप्रद पराभव आहे. पुनरुत्थानाची गरज देवांना किंवा पात्रांना नव्हती, ती कथेला होती, हे त्याने उघड केले.

त्याच १९८४ साली जॅक चिक ह्यांनी ह्या खेळाविरुद्ध काढलेले ‘डार्क डंजन्स’ हे चित्रपत्रक प्रसिद्ध झाले. त्यात एका मुलीचे पात्र मरते, तिला मंडळातून बाहेर काढले जाते आणि ती आत्मघात करते. पत्रकाच्या कर्त्याने नियमग्रंथ उघडला असता तर मृत पात्रासाठी त्यात अनेक मंत्र सापडले असते. परंतु पात्राच्या मरणाने खेळणाऱ्या व्यक्तीचे काही हिरावले जाते, एवढे त्या विरोधकालाही जाणवले होते.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक पुनरुत्थानामागे शरीरप्रकृतीचा एक अंक कायमचा कमी होऊ लागला. १९९७ मध्ये मूळ कंपनी ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ने विकत घेतली, आणि २००० साली तिसरी आवृत्ती आली. तोवर पात्रनिर्मिती ही काही मिनिटांची गोष्ट राहिली नव्हती. कौशल्ये, विशेष सिद्धी व वर्गांची मिश्रणे ह्यांमुळे एक पात्र तयार करणे हे कित्येक तासांचे काम होऊन बसले. परिणाम असा झाला की मृत्यूची किंमत पात्रापेक्षा खेळाडूला अधिक पडू लागली. ज्याने संध्याकाळी आपले पात्र गमावले त्याने उरलेली रात्र स्वस्थ बसावयाचे आणि घरी जाऊन नवा हिशेब मांडावयाचा. प्रकृतीचे कोष्टक आता जाचक वाटू लागले, ते रद्द झाले. मंत्र हमखास यशस्वी ठरू लागला, आणि त्याच्या मोबदल्यात दोन गोष्टी घेतल्या गेल्या: हिरा आणि पातळी.

हिऱ्याचा भाव ह्या आवृत्तीत पाचशे सुवर्णमुद्रा होता. २००३ च्या सुधारित आवृत्तीत तो एकदम पाच हजार झाला. श्रेष्ठ मंत्रासाठी दहा हजार, आणि सर्वश्रेष्ठ मंत्रासाठी पंचवीस हजार. तीन वर्षांत दहापट वाढ झाली, ह्यावरून पहिला भाव किती सहज परवडत होता हे कळते. पातळीची हानी अधिक बोचरी होती. उठलेले पात्र एक पातळी खाली घसरे, म्हणजे सोबत्यांपेक्षा दुबळे होई, आणि दुबळे असल्यामुळे पुन्हा मरण्याची शक्यता वाढे. एका अपघाताची शिक्षा पुढील कित्येक बैठकांपर्यंत लांबे आणि ती सर्वांना भोगावी लागे. २००९ च्या ‘पाथफाइंडर’ने हा दोष ओळखून पातळी काढून घेण्याऐवजी दोन ‘ऋण पातळ्या’ लादल्या, परंतु प्रत्येकीचे निवारण हजार सुवर्णमुद्रांच्या हिरकचूर्णाने होण्यासारखे ठेवले. म्हणजे एकंदर हिशेब पाच हजार अधिक दोन हजार असा झाला. शारीरिक व्यंग म्हणून जे आरंभले, ते अशा रीतीने बिलावरची दुसरी रक्कम बनले.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीत ही प्रवृत्ती पूर्णत्वास गेली. विधीचा खर्च पात्राच्या दर्जाप्रमाणे पाचशे, पाच हजार किंवा पन्नास हजार. आणि परत आलेल्यास काही काळ प्रत्येक दानात एकाची तूट. उत्पन्नाच्या प्रमाणात आकारलेल्या कराला जसा कोणी शोक करीत नाही, तसाच ह्या मृत्यूलाही करावयाचे कारण उरले नाही. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने भाव पुन्हा खाली आणले. मृत्यूनंतर एका मिनिटाच्या आत उठविण्यास तीनशेचे हिरे, दहा दिवसांच्या आत पाचशेचा हिरा. परत आलेल्याच्या दानांत चाराची तूट येते, आणि प्रत्येक दीर्घ विश्रांतीनंतर ती एकाने भरून निघते. चार रात्रींत मरणाची खूण पुसली जाते.

ह्या व्यापारी कालखंडात एक कलम मात्र वेगळे होते. तिसऱ्या आवृत्तीने सांगितले की आत्म्याची इच्छा नसेल तर त्याला परत आणता येत नाही. बोलाविणाऱ्याचे नाव, त्याची नैतिक वृत्ती आणि त्याचे उपास्य दैवत आत्म्याला कळते, आणि तेवढ्यावरून तो नकार देऊ शकतो. प्रकृतीचे कोष्टक आणि हिऱ्याचा भाव ह्या दोहोंपेक्षा ह्या कलमात अधिक अर्थ भरलेला आहे, कारण त्यात प्रथमच मृताला बोलावणाऱ्याकडे पाहावयास लावले आहे. व्यवहारात मात्र परत यावयास उत्सुक असलेल्या खेळाडूकडून ‘होय’ एवढेच उत्तर येई, आणि ते कलम कागदावरच राहिले.

पाचव्या आवृत्तीच्या काळात स्वतः प्रकाशकांनीच आपल्या स्वस्त नियमाला साहसग्रंथांतून बांध घातले. २०१६ च्या ‘कर्स ऑफ स्ट्राड’मध्ये बारोव्हिया हा प्रदेश आत्म्यांचा तुरुंग आहे. एक दिवसाहून अधिक काळ मेलेला मनुष्य तेथे परत उठला, तर आपला आत्मा ह्या भूमीतून सुटणार नाही ह्या जाणिवेने त्याला वेड लागते. २०१७ च्या ‘टूम ऑफ अॅनिहिलेशन’मध्ये तर पुनरुत्थान हेच कथानकाचे मूळ आहे. एका यंत्राने जगातील सर्व मृतांचे आत्मे अडकवून ठेवले आहेत. कोणताही मंत्र चालत नाही. आणि पूर्वी कधी उठविले गेलेले लोक आता दिवसेंदिवस झिजत चालले आहेत. ज्यांनी एकदा हिरा देऊन मरण परतविले त्यांच्याकडे ते पुन्हा येते, ही कल्पना निश्चितच समर्थ आहे. परंतु यंत्र फुटले की सारे पूर्ववत होते. बंदी घालून मिळविलेले गांभीर्य बंदी उठेपर्यंतच टिकते.

पुनरुत्थानाला मुभा ठेवूनही ते गंभीर कसे करावे, ह्याचे उत्तर मूळ नियमग्रंथाबाहेरून आले. ‘क्रिटिकल रोल’ ही मार्च २०१५ पासून प्रसारित होऊ लागलेली खेळमालिका. तिचे सूत्रधार मॅथ्यू मर्सर आणि खेळाडू व्यवसायाने आवाज देणारे नट. मर्सर ह्यांचा नियम २०१७ मध्ये ‘टालडोरे कॅम्पेन सेटिंग’ ह्या ग्रंथात छापला गेला. मंत्र आणि हिरा लागतोच. पण त्यांनी फक्त दार उघडते. त्यानंतर जास्तीत जास्त तीन सोबत्यांनी विधीत आपापली भर घालावयाची: कोणी प्रार्थना करावी, कोणी मृताची प्रिय वस्तू अर्पण करावी, कोणी न बोललेले बोलून टाकावे. त्या कृतीला शोभेल असे दान प्रत्येकाने टाकावे. शेवटी सूत्रधार वीस पैलूंचा एक फासा टाकतो. गाठावयाचा अंक मुळात दहा; पूर्वी जितक्या वेळा ते पात्र परत आले असेल तितका त्यात अधिक; सोबत्याच्या प्रत्येक यशामागे तीन कमी; प्रत्येक अपयशामागे एक अधिक. फासा फसला तर आत्मा गेला.

हिशेब मांडून पाहिला तर नियमाची रचना स्पष्ट होते. प्रथमच मेलेल्या पात्रासाठी कोणीच पुढे आले नाही, तर यशाची शक्यता शेकडा ५५. तिघेही फसले तर ४०. तिघेही सफल झाले तर यश निश्चित. १९७८ च्या कोष्टकातील मध्यम प्रकृतीच्या मनुष्यास शेकडा ७५ मिळत होते. तेथे अंक मृताच्या देहातून निघत होता. येथे तो जिवंतांच्या बोलण्यातून निघतो. पुन्हा पुन्हा मरणाऱ्यासाठी मर्यादा दोन्हीकडे आहे, परंतु मर्सर ह्यांच्या नियमात ती भिंत नसून चढण आहे: मृत्यू जितके अधिक, तितकी सोबत्यांची गरज अधिक.

ह्या पद्धतीचे सर्वांत बोलके उदाहरण त्या मालिकेत २०१६ मध्ये घडले. व्हेक्स हे पात्र एका थडग्यातील सापळ्यामुळे मेले. सापळा तिच्या सोबत्याच्या, पर्सीच्या हाताने सुटला होता. विधी चालू असता तिचा जुळा भाऊ व्हॅक्स ह्याने मृत्युदेवतेला उद्देशून, तिच्याऐवजी मला घे, असे म्हटले. तशा सौद्याची तरतूद कोणत्याही कोष्टकात नव्हती. सूत्रधाराने तो मान्य केला. बहीण उठली, आणि भाऊ त्या देवतेचा सेवक झाला. पुढे तो स्वतःही मेला, आणि देवतेने त्याला मोहिमेचे काम पुरे होईपर्यंतच परत पाठविले. ऑक्टोबर २०१७ मध्ये मोहिमेचा अंत झाला तेव्हा देणे वसूल झाले. व्हॅक्स देवतेबरोबर निघून गेला. तोपर्यंत ह्या मंडळीजवळ धनाची आणि मंत्रांची वाण राहिली नव्हती. १९७४ च्या पुस्तिकेने वारसाच्या निमित्ताने जे सूत्रधाराच्या मर्जीवर सोपविले होते, ते परत येणाऱ्याचे आणि मागे राहिलेल्यांचे नाते, तेच येथे सर्व नियमांच्या वर येऊन बसले.

मर्सर ह्यांचा नियम ऐच्छिक आहे, आणि तो वापरण्यास सूत्रधाराजवळ वेळ, तसेच खेळाडूंजवळ बोलण्याची तयारी लागते. आठवड्यातून एक रात्र जमणाऱ्या प्रत्येक मंडळाला ते साधेलच असे नाही. नटांना जे सहज जमते ते इतरांना अवघड जाते, ही त्यावरची टीका अगदीच निराधार नाही. मूळ खेळाचा २०२४ साली निघालेला सुधारित ग्रंथ ह्या वाटेने गेलेला नाही. त्यात एका मिनिटाच्या आतील मृतासाठी हिऱ्याचा भाव तीनशे, आणि दहा दिवसांच्या आतील मृतासाठी पाचशे, असा दहा वर्षांपूर्वीचाच कायम आहे.